यशवंतीचा सव्वा महिना

अंडी घालून झालेली इग्वानाची मादी ओळखू येत नाही. कालपर्यंत दोन्ही कुशींनी तटतटलेलं पोट आत गेलेलं असतं. बरगड्यांच्या मागे कातडीच्या घड्या लोंबत असतात, शेपटीचं मूळ बारीक झालेलं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेची हाडं वर आलेली असतात. डोळे खोल गेलेले, अंगाचा हिरवा रंग मातकट, पुढच्या पंजांच्या नखांत ओली वाळू. ती दिव्याखालच्या फळीवर पडून असते आणि पाणी दिसलं की तोंड बुडवून पिते, थांबते, परत पिते.

आमच्या मादीचं नाव यशवंती. तानाजीने सिंहगडाच्या कड्याला लावली म्हणतात ती घोरपड यशवंती. इतिहासकारांना ती कथा पटत नाही, माझ्या सासऱ्यांना पटते. 2017 साली ते ह्यूस्टनला आमच्याकडे आले होते. नातवाने आणलेलं वीतभर हिरवंगार पिल्लू त्यांच्या डोळ्यांसमोर पडद्याला धरून सरळ छतापर्यंत गेलं आणि त्यांनी चहाचा कप हातात असतानाच बारसं उरकलं. पिल्लू नर की मादी हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. इतक्या लहानपणी कळतही नाही. पुढे मांडीच्या आतल्या बाजूच्या छिद्रांची रांग बारीकच राहिली, नराच्या असतात तशी ती ठसठशीत झाली नाहीत, तेव्हा नाव बरोबर निघालं. आता ती नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेचार फूट आहे, त्यात निम्म्याहून जास्त शेपूटच. मुलगा शिकायला ऑस्टिनला गेला. इग्वाना नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते, आणि अकरा वर्षांच्या मुलाने आणलेला प्राणी शेवटी कुणाकडे राहणार हे दुकानातल्या पाटीवर कुणी लिहीत नाही.

घोरपड आणि इग्वाना हे नातलग, पण फार दूरचे. घोरपड किडे, बेडूक, अंडी जे मिळेल ते खाते. इग्वाना पक्की शाकाहारी. मेक्सिकोपासून थेट दक्षिण ब्राझील आणि पराग्वेपर्यंत नदीकाठच्या झाडांवर राहणारा हा प्राणी. कराडच्या माझ्या आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिने त्यातलं एकच ऐकलं. "शाकाहारी आहे ना? मग राहू दे."

फेब्रुवारी आला की यशवंतीचं खाणं तुटतं. आधी मला वाटायचं आजारी आहे. पण आजारी इग्वाना मरगळलेली असते. ही मात्र खोलीभर फिरते, कोपऱ्यात जाऊन जमीन खरवडते, सोफ्याखाली डोकं घालते, परत येते. पोटात अंडी वाढताना जठराला जागाच उरत नाही, म्हणून शेवटचे तीन-चार आठवडे खाणं जवळजवळ बंद होतं. आजवर हे सगळं मुलगा बघायचा. यंदा तो फोनवर सूचना देत होता आणि मी गॅरेजमध्ये बसून मोठ्या प्लॅस्टिकच्या पेटीत वाळू आणि कुंडीची माती कालवत होते. मूठ वळली की आकार धरावा इतकी ओल हवी, कमी नाही आणि जास्त नाही. उकडीचा हात ज्याला जमतो त्याला हे जमतं. पेटीच्या एका बाजूला ती आत शिरेल एवढं भोक.

हे एवढं कशासाठी, तर खणायला मनाजोगती जागा मिळाली नाही तर मादी अंडी धरून ठेवते. ती आत अडकतात, आणि अडकलेली अंडी तिचा जीव घेऊ शकतात. रानातही जागेचा प्रश्न असतोच. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गातुन सरोवर झालं आणि बुडालेल्या टेकड्यांचे माथे बेटं होऊन वर राहिले. त्यातलं बारो कोलोराडो हे मोठं बेट स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधनामुळे जगाला माहीत आहे. त्याच्या शेजारी स्लोथिया नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथल्या छोट्याशा मोकळ्या जागेवर उन्हाळ्यात इग्वानाच्या माद्या पोहत येतात आणि बिळं खणतात. जीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली रँड यांनी 1968 साली त्यांच्यावर लिहिलं. मोकळी जमीन थोडी आणि माद्या पुष्कळ, त्यामुळे भांडणं होतात. एकीचं खणताना दुसरीची अंडी उकरली जातात. त्याच जागेत मगरीणही घरटं करते. अंडी घालून झाली की मादी खड्डा बुजवत बसते. हे काम अंडी घालण्याहून निवांतपणे चालतं. मग ती निघून जाते. पावसाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात, एकाच बिळातून चार-पाच डोकी वर येऊन आधी अंदाज घेतात आणि मग घोळक्याने बेट सोडतात. आई त्यात कुठेच नसते. तिने पिल्लू पाहिलेलं नसतं, पिल्लाने तिला पाहिलेलं नसतं.

यशवंतीने तर आयुष्यात नर पाहिलेला नाही. तरी तिने आमच्या गॅरेजमध्ये रात्रभर खणलं. प्लॅस्टिकच्या तळाला नखं घासल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. सकाळी ती बुजवत होती, इतकं मन लावून की मी दार उघडलं तरी तिने मान वळवली नाही. पेटीत छत्तीस अंडी निघाली. पांढरट, लांबुळकी, अंगठ्याएवढी, दाबली तर दबणारी. सगळी अफलित. नराशिवाय घातलेली, त्यातून काही निघायचं नव्हतं. मी ती मोजली, फोटो काढला आणि पिशवीत भरून कचऱ्यात टाकली.

पोटात बाळ असणार आहे की नाही हे शरीर विचारत नाही. दिवस लहान-मोठे होतात, ऊन बदलतं, आणि यकृत बलकाचं द्रव्य तयार करून रक्तात सोडू लागतं. त्याच्याबरोबर चरबी जाते, प्रथिनं जातात आणि हाडांमधलं कॅल्शियम जातं. जन्माला काही येवो न येवो, खर्च तेवढाच होतो. म्हणूनच अंड्यांकडे कुणी बघायचं नसतं, घालणारीकडे बघायचं असतं. आणि तेही त्याच आठवड्यात, ती खायला लागली म्हणून निश्चिंत न होता.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आमच्या रस्त्यावरच आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी आधी यशवंतीला हात लावलाच नाही, मला प्रश्न विचारले. किती अंडी? एका दमात घातली की दोन दिवस चालली होती? एखादं वेडंवाकडं, मोठं, फुटलेलं होतं का? शी-शू कधी झाली? त्यातला पांढरा भाग पांढराच आहे की पिवळा-हिरवट? शेवटचं काय खाल्लं? आणि दिव्याची नळी कधी बदलली? तारीख सांगा, "मध्यंतरी" नको.

मग त्या बाजूने आल्या, वरून नाही. इग्वानाच्या डोक्याच्या मधोमध एक फिकट खवला असतो. तो तिचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. रानात वरून येणारी सावली म्हणजे ससाणा. शंकराच्या देशातून आलेल्या बाईला याचं अप्रूप वाटू नये, पण वाटतं.

वजन झालं. मुलाच्या वहीत जानेवारीत दोन किलो चारशे लिहिलं होतं, काटा एक किलो आठशेवर थांबला. पाव हिस्सा यशवंती कमी झाली होती. बाईंनी जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. हाडातलं कॅल्शियम संपत आलं की जबडा लवतो. पायांची बोटं बघितली, त्यांना बारीक कंप असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. पोट चाचपलं. एखादं अंडं मागे राहिलं असेल तर ते बोटांना लागतं. मूत्रपिंडं बघितली. ती कमरेच्या हाडांच्या आत असतात आणि सुजली की पुढे येऊन हाताला लागतात. शिवाय अंड्यांची वाटही तीच अडवतात. मी हे सगळं हात बांधून बघत होते. कुणी तरी तिला इतकं सावकाश तपासतंय याचं मला बरं वाटत होतं आणि थोडा मत्सरही.

मत्सराचं कारण जुनं आहे. मुलगा झाला तेव्हा इथल्या डॉक्टरांनी मला घरी पाठवताना सहा आठवड्यांनंतरची वेळ दिली होती. मधल्या काळात बाळाच्या तपासण्या चालूच होत्या, बाळाचं वजन, बाळाची कावीळ, बाळाची टोचणी. मी सोबत जायची, पिशवी धरायला. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच 2018 साली सांगितलं की बाळंतिणीची विचारपूस पहिल्या तीन आठवड्यांत व्हायला हवी. ते वाचलं तेव्हा माझा मुलगा हायस्कूलच्या उंबरठ्यावर होता. मला वाचवलं ते कराडहून आलेल्या आईने. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा ती सामानातून घेऊन आली होती आणि कस्टमच्या माणसाला तिने ते सगळं मराठीत समजावून सांगितलं होतं. ओव्याच्या धुरीने अपार्टमेंटचा अलार्म वाजला, शेजारचा म्हातारा पायजम्यात खाली उतरला, तरी तिने दुसऱ्या दिवशी खिडकी उघडून धुरी केलीच. लोक बाळ बघायला यायचे. ती त्यांना बाळ दाखवायची आणि माझ्या ताटात तुपाची धार धरायची.

क्ष-किरणाच्या खोलीत मी काचेबाहेर होते. साडेचार फुटांच्या, शेपटीने फटका मारू शकणाऱ्या जनावराला टेबलावर निजवायचं कसं? बाईंनी तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर कापसाचे दोन बोळे ठेवले आणि वरून चिकटणारी पट्टी हलकेच गुंडाळली. बुबुळांवर असा मंद दाब आला की एक मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो आणि प्राणी निपचित पडून राहतो. औषध नाही, सुई नाही. मोठा आवाज झाला तर मात्र जागा होतो, म्हणून सगळे कुजबुजत होते. एक छायाचित्र वरून, एक बाजूने. पोट रिकामं होतं, अंडं राहिलेलं नव्हतं. पण मांडीच्या हाडाची कड पातळ दिसत होती. बाईंनी ती कड मला पेन्सिलीच्या टोकाने दाखवली आणि काही बोलल्या नाहीत.

रक्त शेपटीच्या खालच्या बाजूने घेतात, दोन खवल्यांच्या मधून. दोन दिवसांनी आकडे आले आणि कॅल्शियम चांगलं भरभक्कम होतं. मी आनंदाने काही तरी बोलले असेन, तर बाई म्हणाल्या, या आकड्याला भुलू नका. अंड्यांच्या हंगामात मादीच्या रक्तातलं एकूण कॅल्शियम चढलेलंच असतं, कारण ते बलकाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं. तिच्या स्नायूंना, नसांना उपयोगी पडतं ते मोकळं कॅल्शियम, त्याची मोजणी वेगळी. शिवाय फॉस्फरसशी प्रमाण बघायचं. फॉस्फरस वर आणि कॅल्शियम खाली असं उलटलं की मूत्रपिंडं दमली आहेत असं समजायचं. यूरिक आम्लही बघायचं. म्हणजे रक्त श्रीमंत दिसत असताना हाडं कंगाल झालेली असू शकतात. यशवंतीचं प्रमाण उलटलेलं नव्हतं. कॅल्शियमचं गोड औषध, कोमट पाण्यात रोजची बैठक, आणि पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. पाच-सहा आठवडे म्हणजे सव्वा महिनाच की.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. आधी ती हसली. "सरड्याचं बाळंतपण! लोक काय म्हणतील?" मग गंभीर होऊन विचारलं, "पाजायचं नाही ना तिला?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग लवकर भरून येईल. पण उठवू नकोस तिला. आणि उन्हात ठेव."

ऊन हाच मुद्दा आहे. खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि इग्वाना ते मुख्यतः कातडीवर पडणाऱ्या अतिनील किरणांतून करते. खिडकीतलं ऊन चालत नाही, काच नेमके तेच किरण अडवते. म्हणून विशेष नळीचा दिवा. तो फसवा असतो: डोळ्यांना लख्ख दिसत राहतो आणि आतले किरण कधीच मंदावलेले असतात. म्हणून वर्षाच्या आत बदलायचा, जळायची वाट बघायची नाही. ऊबही तितकीच. दिव्याखाली पस्तीसेक अंश नसतील तर तिला खाल्लेलं पचतच नाही. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासची वीज गेली आणि घरात आमचे श्वास दिसू लागले. तेव्हा ती चार वर्षांची होती. आम्ही गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरत होतो आणि आजेसासूबाईंच्या नऊवारीच्या गोधडीत ती, मुलगा आणि बाटल्या असे सगळे एकत्र होते. फ्लोरिडात थंडीने गारठलेल्या इग्वाना झाडांवरून टपाटप पडतात, अशी सूचना हवामान खात्यालाच द्यावी लागली होती 2020 मध्ये. लोकांना त्यात गंमत वाटते. मला आता वाटत नाही.

सध्या मी पाला निवडते. कोलार्ड, मोहरीची पानं, निवडुंगाचे काटे काढलेले फडे, किसलेला लाल भोपळा. हिलक्रॉफ्टच्या भारतीय दुकानात शेवग्याचा पाला मिळाला की तो. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. पूर्वी पुष्कळ लोक इग्वानांना कुत्र्यांचं खाणं घालत, लवकर वाढतात म्हणून. वाढायच्या खऱ्या, आणि काही वर्षांनी मूत्रपिंडं बिघडून मरायच्या. अंगणातली जास्वंद मात्र तिची लाडकी. लाल फूल हातात दिसलं की ती फळीवरून स्वतः खाली येते. पहिल्यांदा आली ती अंड्यांनंतर आठवड्याने, आणि मी मुलाला व्हिडिओ पाठवला. त्याने उलट विचारलं, "शी कशी आहे?" मुलगा तयार झाला म्हणायचा.

दुसऱ्या भेटीत वजन वाढलेलं होतं, रक्त ठीक होतं, आणि मग बाईंनी खरा विषय काढला. ही दर वर्षी घालणार. वय वाढेल तसा धोका वाढेल. कधी अंडी अडकतील, कधी बलकाच्या गोळ्या नळीत उतरणारच नाहीत आणि आत बसून राहतील, कधी फुटून पोटभर सूज येईल. अंडाशयं आणि बीजनलिका काढून टाकणं हा कायमचा उपाय. पोट मधोमध उघडत नाहीत, कारण तिथे कातडीच्या आतून एक मोठी शीर जाते. बाजूने छेद घेतात. टाके काढायला सहा ते आठ आठवडे, या प्राण्यांची कातडी सावकाश जुळते. भूल उतरायलाही वेळ लागतो. धोका आहे, पण अडकलेल्या अंड्यांनी खंगलेल्या मादीवर घाईघाईने करायच्या शस्त्रक्रियेपेक्षा धडधाकट असताना केलेली कितीतरी बरी.

मी काही दिवस मनाशी भांडले. रात्रभर खणणारी ती, बुजवताना मान न वळवणारी. ते तिच्याकडून काढून घेणारी मी कोण? पण मग असंही वाटलं की स्लोथियाचं बेट मी तिला देऊ शकत नाही. गॅरेजमधली पेटी देऊ शकते, आणि त्या पेटीत दर वर्षी तिचं हाड झिजतं. रानातला निसर्ग अर्धाच घरी आणला तर तो निसर्ग राहत नाही, नुसता खर्च राहतो. आईला विचारलं. तिने विचार करायला वेळ घेतला नाही. "करून टाक ऑपरेशन. दोघं झाल्यावर मीही केलं होतं, सरकारी दवाखान्यात. आठ दिवसांनी विहिरीवर होते. तिला मात्र आठ दिवसांत विहिरीवर पाठवू नकोस."

शस्त्रक्रिया पुढच्या हंगामाआधी करायची ठरली आहे. नोव्हेंबरात सोनोग्राफी, मग तारीख.

परवा पुण्याहून भाचीचा निरोप आला की तिच्या मैत्रिणीला इग्वानाचं पिल्लू घ्यायचंय, फार गोड आहे. भारतात 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो हे मी तिला कळवलं, ते सोपं काम आहे. दुसरी गोष्ट तुम्हालाही सांगते. पिल्लू मादी निघू शकतं, आणि निघालं तर ते एक दिवस नराशिवाय अंडी घालेल. त्या आठवड्यात तिचं पोट चाचपून बघणारा, रक्त वाचू शकणारा डॉक्टर तुमच्या गावात आहे का, हे आधी शोधा. नसेल तर पिल्लू आणू नका.